पहिला एकट्याचा प्रवास : भंडारदऱ्याला जाण्यापूर्वी

परीक्षा संपली किंवा पहिला पगार हातात आला की वस्तीतील मुलामुलींना एकदा एकट्याने कुठेतरी जाऊन यावेसे वाटते. मुंबई, ठाणे, नाशिककडच्या मुलांच्या तोंडी हमखास येणारे नाव म्हणजे अकोले तालुक्यातील भंडारदरा. मुलगा असेल तर घरचे लवकर हो म्हणतात, मुलगी असेल तर आईचा जीव खालीवर होतो. आमचे म्हणणे असे, की काळजी दोघांचीही सारखीच घ्यावी आणि ती तयारीतून दिसावी.

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’मध्ये लहानपणीचा असाच एक प्रवास सांगितला आहे. १९०१ च्या सुमारास ते, त्यांचे थोरले बंधू आणि बहिणीची मुले वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघाली. सोबत मोठे माणूस नव्हते. येत असल्याचे पत्र पाठवले होते, पण नोकर विसरल्यामुळे ते वडिलांना मिळाले नाही. मसूर स्टेशनवर घ्यायला कोणीच आले नाही. पुढे बैलगाडीच्या वाटेवर शिदोरी होती, पण अस्पृश्य म्हणून पाणी मिळाले नाही आणि मुले उपाशी झोपली. तो दोष मुलांच्या तयारीचा नव्हता, जातीचा होता. तरीही आज घर सोडताना दोन गोष्टी पक्क्या धराव्यात. निरोप पाठवला एवढ्यावर थांबू नका, तो पोहोचल्याची खात्री करा. आणि पाणी आपले आपल्याजवळ ठेवा.

केव्हा आणि कसे जावे? आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास असतो. या काळात भगवान बुद्धांनी भिक्खूंना फिरती थांबवून एके ठिकाणी राहायला सांगितले होते. पहिल्या एकट्या प्रवासालाही हाच नियम बरा. भंडारदऱ्याचा पाऊस मुसळधार असतो, धुक्यात वाट दिसत नाही, दगड निसरडे होतात. पाऊस सरल्यानंतरचे दिवस निवडावेत. रेल्वेने इगतपुरी, तिथून घोटीमार्गे एस.टी. किंवा जीपने शेंडी गावात उतरावे. धरण तिथून जवळच आहे. परतीची शेवटची गाडी आधीच विचारून ठेवा. मार्च २०२३ पासून एस.टी.त महिलांना निम्मे तिकीट आहे. ओळखपत्र जवळ असू द्या.

पिशवीत काय हवे? दोन लिटर पाणी, चणे-गूळ, ओआरएसच्या दोन पुड्या (आशाताईंकडे किंवा आरोग्य केंद्रात मिळतात), जखमेसाठी पट्टी व मलम, तापाची गोळी, बॅटरी, सुके कपडे. जुलाब झाल्यास एक पुडी एक लिटर स्वच्छ पाण्यात विरघळवून घोट-घोट प्यावी. उरलेले पाणी २४ तासांनंतर टाकून द्यावे. पुडी नसेल तर एक लिटर पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. घाटात उलटी होणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी अर्धा तास आधी घ्यावी. मुलींनी तारीख जवळ नसली तरी पॅड जवळ ठेवावेत आणि वापरताना दर चार ते सहा तासांनी बदलावेत.

दमा, मधुमेह, रक्तदाब, फिट यांची औषधे दोन दिवस जास्तीची घ्या. विदर्भातील आपल्या अनेक घरांत सिकलसेल आहे. अशा रुग्णाला तहान, थंडी आणि अतिश्रम यांमुळे तीव्र वेदना सुरू होऊ शकतात. त्यांनी डॉक्टरांचा सल्ला घेतल्याशिवाय डोंगर चढू नये. आजाराचे नाव, औषधे, रक्तगट आणि घरचा फोन नंबर एका कागदावर लिहून खिशात ठेवावा. बेशुद्ध माणसाचा मोबाइल उघडता येत नाही, कागद मात्र कोणीही वाचू शकतो.

तिथे गेल्यावर. धरणाच्या किंवा रंधा धबधब्याच्या पाण्यात उतरू नका. वरून शांत दिसणाऱ्या पाण्याला खोली आणि ओढ असते. फोटोसाठी कठड्यापलीकडे जाऊ नका. कळसूबाई १,६४६ मीटर उंच, राज्यातील सर्वात उंच शिखर. ते एकट्याने चढू नये. बारी गावातून वाटाड्या घ्यावा आणि अंधारापूर्वी खाली यावे. विजा कडाडत असतील तर उघड्या माथ्यावर किंवा झाडाखाली उभे राहू नका. साप चावल्यास जखम कापू नका, चोखू नका, दोरी आवळू नका. चावलेला हातपाय न हलवता १०८ ला फोन करून रुग्णालय गाठा. राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे. पोलिसांची मदत ११२ वर मिळते.

डोंगरात मोबाइलची रेंज जाते. म्हणून घरी फोन करण्याच्या वेळा निघण्यापूर्वीच ठरवा : पोहोचल्यावर, मुक्कामाला आणि परतीच्या गाडीत बसल्यावर. मुक्कामाच्या जागेचा पत्ता आणि फोन घरी लिहून ठेवा. रेंज नसेल तर एखादा फोन उशिरा येईल, हेही घरच्यांना सांगा. म्हणजे आई रात्रभर जागणार नाही. पण ठरलेला दुसराही फोन आला नाही, तर संकोच न करता मुक्कामाच्या जागी फोन लावावा आणि तिथेही पत्ता लागला नाही तर पोलिसांना कळवावे.

आईवडिलांना एक विनंती. ‘जाऊ नको’ म्हणण्याऐवजी आधी ही यादी सोबत बसून तपासा. उद्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी लेकीला परगावी राहावेच लागणार आहे. स्वतःचे औषध, पाणी आणि परतीची गाडी सांभाळायला ती या दोन दिवसांत शिकेल.