बक्षिसी वेगळी, वेतन वेगळे

अकोल्याहून हिंगोली-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग मेडशी, मालेगाव व वाशीम या गावांवरून जातो. कारंजा हे श्रीनृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान. शिरपूर येथे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ. पोहरादेवी येथे रामनवमीला बंजारा समाजाची मोठी यात्रा भरते. ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झालेला समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पाही वाशीम जिल्ह्यातूनच जातो. वाटसरू आणि यात्रेकरू यांच्या चहा-जेवणाची सोय ज्यांच्या हातून होते, त्या उपाहारगृहांतील व ढाब्यांवरील कामगारांच्या वेतनाचा विषय मात्र गावच्या सभेत क्वचितच निघतो.

'हॉटेलात काम करतो' या तीन शब्दांत अनेक निरनिराळी कामे सामावलेली असतात. भट्टीवरचा वस्ताद कचोरी-समोशाचा घाणा काढतो. दुकानाची चव त्याच्या हातात असल्याने त्याला पगार चांगला मिळतो आणि मालकही त्याचे मन राखून असतो. वेटर ग्राहकाला पदार्थ सांगतो, मागणी लक्षात ठेवतो, ताटे वाढतो आणि हिशेब गल्ल्यावर पोहोचवतो. टेबलावर फडके मारणारा, पाण्याचे पेले भरणारा, पहाटे भट्टी पेटविणारा हे त्याच्या खालचे. सर्वांत शेवटी मोरीवर भांडी घासणारा हात. पुष्कळदा तो एखाद्या बाईचा असतो आणि ग्राहकाला तो कधीच दिसत नाही.

बक्षिसीचा मार्ग याच क्रमाने अडतो. बिलाबरोबर आलेल्या बडीशेपेच्या बशीत ग्राहक सुटे पैसे ठेवतो, ते वेटरच्या खिशात जातात. काही ठिकाणी ते एका डब्यात जमा करून रात्री वाटून घेण्याची रीत आहे. ती अधिक न्याय्य म्हटली पाहिजे, कारण स्वच्छ ताटाशिवाय वाढप होत नाही. टपरीवरच्या चहाला बक्षिसी नसतेच. महिन्याच्या बोलीने जेवणारे नोकरदार खानावळीत रोज काही ठेवत नाहीत. दिवाळीला पोस्त देतात. अलीकडे मोबाइलवरून पैसे देण्याची पद्धत रूढ झाल्यापासून बिलाचा नेमका आकडा थेट मालकाच्या खात्यात जातो. परत येणारी मोड संपली आणि तिच्याबरोबर बशीतले नाणेही गेले.

म्हणूनच 'पगार थोडा आहे, पण वरकमाई होते' हे नोकरीवर ठेवताना ऐकविले जाणारे वाक्य तपासून घेण्याजोगे आहे. बक्षिसी ग्राहक स्वखुशीने देतो. ती मालकाने द्यावयाच्या वेतनाचा भाग नव्हे. बिलातून जमा होऊन कर्मचाऱ्यांना वाटलेली बक्षिसी हा मालकाने दिलेला पगार ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०१६ मध्ये आयकराच्या एका प्रकरणात म्हटले आहे. तेव्हा तिच्या भरवशावर किमान वेतनापेक्षा कमी पगार ठरविता येत नाही.

१९४८ च्या किमान वेतन अधिनियमाची जागा आता वेतन संहिता, २०१९ ने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. राज्यात किमान वेतनाचे दर परिमंडळानुसार आणि कुशल, अर्धकुशल व अकुशल अशा वर्गवारीने ठरतात. त्यात मूळ दराबरोबर विशेष भत्ता धरला जातो. मासिक वेतन पुढील महिन्याच्या सात तारखेच्या आत मिळाले पाहिजे. ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम घेतल्यास मोबदला दुप्पट दराने द्यावा लागतो. यात्रेच्या दिवसांत, पहाटेपासून मध्यरात्रीपर्यंत भट्टी विझत नाही तेव्हा, हीच तरतूद सर्वांत जास्त विसरली जाते.

फुटलेल्या पेल्याचा प्रश्न लहान वाटतो, पण तंटे त्यावरूनच होतात. कामगाराच्या हवाली केलेल्या वस्तूचे नुकसान त्याच्या हयगयीमुळे झाले असेल तरच कपात करता येते, आणि तीही त्याचे म्हणणे ऐकून घेतल्यावर. सर्व कपाती मिळून वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नयेत. जेवण-राहणे मालकाकडे असले तरी ही मर्यादा सुटत नाही. दर महिन्याची हजेरी व दिलेली रक्कम लिहून ठेवलेली साधी वही कामगाराजवळ असली, तर सरकारी कामगार अधिकाऱ्याकडे तक्रार नेताना ती उपयोगी पडते. तोंडी बोलीवर काम करणाऱ्याकडे बहुधा दुसरा पुरावा नसतो.

राहिला हॉटेलातला 'पोऱ्या'. ढाबे, उपाहारगृहे व चहाच्या दुकानांत चौदा वर्षांखालील मुलांना कामास ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली; २०१६ च्या दुरुस्तीने ही मनाई जवळजवळ सर्वच कामांना लागू केली. कुटुंबाच्या धंद्यात शाळेची वेळ सोडून मदत करण्यापुरती सवलत कायद्याने ठेवली आहे. पण लांबच्या गावाहून आणून भट्टीमागे झोपविलेला मुलगा 'भाच्या' म्हणून दाखविला, तर तो या सवलतीत बसत नाही. असे मूल आढळल्यास १०९८ या क्रमांकावर कळविता येते. हंगामात आईबापांबरोबर गाव सोडून गेलेली मुले शाळेच्या हजेरीपटावर महिनोन्‌महिने गैरहजर दिसतात. ती कोठे गेली याची चौकशी शिक्षक आणि पंचायत सदस्य यांनाच सर्वांत आधी करता येण्याजोगी आहे.