संशोधक विद्यार्थी आणि मार्गदर्शक

पीएच.डी.साठी प्रवेश मिळविणारा विद्यार्थी विषयाची निवड काळजीपूर्वक करतो. मात्र मार्गदर्शकाच्या निवडीकडे त्याचे बहुधा दुर्लक्ष होते. पुढील चार-पाच वर्षे कशी जातील, हे पुष्कळदा या दुसऱ्या निवडीवरच ठरते. बंगळुरूच्या पूर्वेकडील इंदिरानगरात खोली घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या भारतीय विज्ञान संस्थेत जाऊ इच्छिणाऱ्या मराठी विद्यार्थ्याने त्याच संस्थेतील कमला भागवत यांचे उदाहरण अवश्य अभ्यासावे. पुढे त्या कमला सोहोनी या नावाने ओळखल्या गेल्या. (लेखिका दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी.)

मुंबई विद्यापीठाची पदवी संपादन करून १९३३ मध्ये कमलाबाईंनी संस्थेकडे अर्ज केला. तत्कालीन संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी केवळ स्त्री असल्याच्या कारणावरून तो नाकारला. कमलाबाईंनी माघार घेतली नाही. अखेर प्रवेश मिळाला, तो अटींवर : पहिले वर्ष परीक्षाधीन राहील, मार्गदर्शक सांगतील त्या वेळी, रात्रीही, काम करावे लागेल आणि प्रयोगशाळेचे वातावरण बिघडता कामा नये. यांतील अखेरची अट अपमानकारकच होती, आणि रामन यांच्या थोरवीमुळे ती सौम्य ठरत नाही.

त्यांचे मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या हे शिस्तीचे कडक, परंतु शिकविण्यास उत्सुक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांवर काम केले. वर्षअखेरीस रामन यांचे समाधान झाले. १९३६ मध्ये एम.एस्सी. पदवी मिळाली आणि संस्थेत स्त्रियांना प्रवेश खुला होऊ लागला. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच.डी. दिली. तेथे त्यांनी प्रथम डेरेक रिक्टर व नंतर रॉबिन हिल यांच्यासमवेत काम केले. मार्गदर्शक बदलला म्हणून संशोधन खुंटले नाही, ही बाब लक्षणीय आहे.

कडकपणा आणि अन्याय या दोन भिन्न गोष्टी होत. मसुद्यावर लाल शाईने शेरे मारणारा मार्गदर्शक विद्यार्थ्याचा वेळ वाचवीत असतो. सहा-सहा महिने मसुदा न वाचणारा गोड स्वभावाचा मार्गदर्शक मात्र तो वाया घालवितो. म्हणून प्रवेशापूर्वीच त्यांच्या सध्याच्या विद्यार्थ्यांना भेटावे. भेटी किती दिवसांनी होतील, शोधनिबंधात कोणाचे नाव कोठे येईल, याची चर्चा आरंभीच करावी. प्रत्येक भेटीनंतर ठरलेल्या गोष्टींचे अर्ध्या पानाचे टिपण मार्गदर्शकांना पाठवावे. प्रयोग फसल्यास तो लपवू नये. उशिरा कळलेले अपयश अधिक महाग पडते.

कमलाबाईंच्या हाती नियमांचे बळ नव्हते. आज ते आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार प्राध्यापकास एका वेळी जास्तीत जास्त आठ, सहयोगी प्राध्यापकास सहा व सहायक प्राध्यापकास चार पीएच.डी. विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीस तीन वर्षांहून कमी अवधी उरलेल्या अध्यापकास नवे विद्यार्थी घेता येत नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी संशोधन सल्लागार समिती असते व दर सत्रात तिच्यापुढे प्रगती मांडावी लागते. विद्यार्थी या सादरीकरणाकडे केवळ औपचारिकता म्हणून पाहतात. वस्तुतः मार्गदर्शकाशी मतभेद झाल्यास ते अन्य तज्ज्ञांसमोर, कटुता न आणता मांडण्याची हीच अधिकृत जागा होय. आणि तेथे अर्ध्या पानाची ती टिपणे उपयोगी पडतात.