कडी कडक होते ती नेमकी कशाने?

मीरा रोडला घरीच चांदीच्या कड्या गुंफून साखळी केली. दोन दिवसांत एक कडी उघडली. म्हटलं, लोखंडासारखं करू: टॉर्चने लाल तापवून पाण्यात बुडवू. सगळ्या कड्या आणखीच मऊ!

आता कारण बघा. पोलादात कार्बन असतो, म्हणून झटकन थंड केल्यावर ते कडक होतं. चांदीचं तसं नाही. तार ओढताना, वळवताना तिच्या स्फटिकांतली डिसलोकेशन्स वाढतात, एकमेकांत अडकतात. म्हणून ती कडक होते. तापवलं की हा गुंता सुटतो. हुपरीचे पैंजण घडवणारे कारागीर तार ओढताना मधेमधे तापवतात ते याचसाठी.

गंमत म्हणजे माझी कृती अर्धी बरोबर होती. ९२.५ टक्के चांदी आणि ७.५ टक्के तांबं असेल, तर सुमारे ७५० अंश सेल्सिअसवरून पाण्यात थंड करून पुढे ३०० अंशांवर तासभर ठेवायचं. तांब्याचे सूक्ष्म कण वेगळे होतात आणि डिसलोकेशन्सना अडवतात. शुद्ध चांदीत हे जमत नाही, कारण तांबंच नाही.

पण किती फरक पडला, ते मोजायला तुलनेसाठी न तापवलेली एकही कडी माझ्याकडे उरली नव्हती. हल्ली प्रत्येक तारेच्या दहा कड्या आधीच डबीत बाजूला ठेवते.