निपाणी ते नृसिंहवाडी, बंधाऱ्या-बंधाऱ्यानं : दमानं सायकल चालवणाऱ्यांसाठी सीमाभागाची वाट

निपाणी : पावसाळा सरतो, वेदगंगा-दूधगंगेचे पाणी निवळते आणि बंधाऱ्यांना बर्गे घालायचे काम सुरू होते. सायकल घेऊन लांब जायचे असेल तर या भागातला हंगाम इथून सुरू होतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हवा थंड असते, रस्ते वाळलेले असतात आणि नदी ओलांडायला बंधारे मोकळे असतात.

सायकलची सहल म्हटली की हल्ली डोळ्यांपुढे घाट येतो, डोक्याला हेल्मेट, अंगाला चिकटलेले कपडे आणि किलोमीटरचा हिशेब येतो. आंबोली, राधानगरी, तवंदीचा घाट ही नावे त्यातच निघतात. पण निपाणीच्या ईशान्येला पसरलेला नदीकाठ या कशाचीच मागणी करत नाही. साधी सायकल, पाण्याची बाटली आणि एक मोकळा दिवस एवढ्यावर इथे भागते.

सपाटी आली कुठून?

निपाणीच्या दक्षिणेला तवंदीचा, म्हणजे स्तवनिधीचा डोंगर आहे. पश्चिमेला सह्याद्रीच्या सोंडा उतरत येतात. तिकडूनच पाटगावच्या धरणातली वेदगंगा आणि काळम्मावाडीच्या धरणातली दूधगंगा खाली येतात. भोजजवळ दोघींचा संगम होतो आणि पुढे हे पाणी कृष्णेला मिळते. हजारो वर्षे या नद्यांनी आणून टाकलेला गाळ म्हणजेच इथली काळी, सपाट जमीन. निपाणीपासून कृष्णाकाठापर्यंत उतार एवढा हळू आहे की चालवणाऱ्याला तो जाणवतही नाही.

या सपाटीचे दोन चेहरे आहेत. नदीकाठाला मळी : ऊस, भाजीपाला, मोटारींचा आवाज. जरा वर सरकले की माळ : मुरमाड, उघडा, बाभळी-बोरीचा. याच भागातल्या शेतांतून पिकणाऱ्या बिडीच्या तंबाखूने निपाणीला देशभर नाव दिले. जानेवारी-फेब्रुवारीत तंबाखू वाळायला पडला की त्याचा उग्र वास लांबूनच येतो. गाडीच्या काचा वर करून जाणाऱ्याला तो कळत नाही. सायकलवाल्याला मात्र पुढच्या वळणावर काय पसरले आहे ते आधीच नाकाला कळते.

बंधारा म्हणजेच पूल

या वाटेची किल्ली आहे कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. नदीच्या पात्रात ओळीने दगडी किंवा काँक्रीटचे खांब असतात आणि खांबांना खाचा असतात. पावसाळा संपला की त्या खाचांत फळ्या बसवतात, त्यांनाच बर्गे म्हणतात. जुन्या पद्धतीत बर्ग्यांच्या दोन ओळी लावून मधे माती ठासत. पाणी अडते, काठावरच्या मोटारी चालतात आणि पावसाळ्याआधी बर्गे काढून नदी मोकळी करतात.

या खांबांवरून जो अरुंद रस्ता जातो तो गावांचा पूल होतो. अक्कोळ-सिदनाळ आणि जत्राट-भिवशी हे वेदगंगेवरचे, कारदगा-भोज आणि मलिकवाड-दत्तवाड हे दूधगंगेवरचे. पावसाळ्यात बातम्यांतून ही नावे 'पाण्याखाली गेले' अशीच ऐकू येतात. बंधारे मुद्दामच बुटके बांधलेले असतात. पूर आला की पाण्याने वरून निघून जावे, अडून गावात शिरू नये, हा त्यामागचा विचार. म्हणून ते लवकर बुडतात आणि बुडले की पलीकडच्या गावाला जायला मोठा वळसा पडतो.

मोठ्या गाडीला बंधारा अडचणीचा असतो. समोरून दुसरी गाडी आली की कुणाला तरी मागे जावे लागते. सायकलला ही अडचण नाही. निम्म्या बंधाऱ्यावर थांबून एकीकडे तुंबलेले पाणी आणि दुसरीकडे उघडे पडलेले दगड बघत बसता येते. कठडा मात्र बहुतेक ठिकाणी नसतो किंवा नावापुरता असतो. समोरून ट्रॅक्टर येताना दिसला तर खाली उतरून काठावरच थांबणे शहाणपणाचे.

वाट कशी आहे?

निपाणीतून निघून अक्कोळ, तिथल्या बंधाऱ्यावरून सिदनाळ आणि पुढे भोज, हा पहिला टप्पा. भोज जैन समाजात आचार्य शांतिसागर महाराजांचे गाव म्हणून ओळखले जाते. सीमाभागातील मराठी साहित्य संमेलनासाठी ठाऊक असलेले कारदगा बंधाऱ्यापलीकडेच आहे. तिथे जाऊन परत यायला फार वेळ लागत नाही.

भोजहून बेडकिहाळमार्गे सदलगा. आचार्य विद्यासागर महाराजांचा जन्म १९४६ मध्ये याच सदलग्यात झाला. इथे मराठी आणि कन्नड एकाच पारावर बसलेल्या असतात. चहाच्या टपरीवर 'पाव्हणं, कुठलं म्हणायचं?' असे विचारणारा माणूस लगेच शेजाऱ्याशी कन्नडमध्ये बोलतो आणि त्यात कुणालाच काही वेगळे वाटत नाही.

सदलग्याच्या पुढे मलिकवाड, आणि दूधगंगेवरचा बंधारा ओलांडला की दत्तवाड. मलिकवाड कर्नाटकात, दत्तवाड महाराष्ट्रातल्या शिरोळ तालुक्यात. इथे राज्य बदलते. पुढे टाकळीवाडी, पटवर्धनांच्या संस्थानाचे कुरुंदवाड आणि पंचगंगा ओलांडून नृसिंहवाडी. सगळे मिळून अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास भरते. ताशी बारा-तेरा किलोमीटरच्या संथ गतीने चार तास पायडल मारायचे आणि तेवढाच वेळ बसायला, बोलायला, खायला ठेवायचा. वाडीत कृष्णा-पंचगंगेचा संगम, दत्ताचे मंदिर, बासुंदी आणि कवठाची बर्फी. एक मुक्काम करता आला तर दुसऱ्या दिवशी खिद्रापूरचे कोपेश्वर मंदिर बघून परतता येते.

कालव्याचा रस्ता आणि पाणंद

हॉलंडमध्ये कालव्याच्या काठाने सायकलींसाठी वेगळे मार्ग आहेत आणि चौकाचौकाला क्रमांक दिलेले आहेत. नुसते आकडे लिहून घेतले तरी माणूस चुकत नाही. इंग्लंडमध्ये नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेल्या कालव्याकाठच्या वाटांवर आज लोक सायकली चालवतात. आपल्याकडे कालव्याकाठचा रस्ता पाटकऱ्यासाठी आणि देखभालीसाठी असतो. काळम्मावाडीच्या कालव्यांच्या बाजूने असे तुकडे आहेत. सावली असते, वर्दळ नसते, पण मधेच रस्ता खचलेला असतो आणि कालव्याची उतरती बाजू गुळगुळीत असते. त्यात पडलेल्याला धरायला काही मिळत नाही. लहान मुलांना घेऊन तिथून जाऊ नये.

त्यापेक्षा पाणंद बरी. शेताशेतांच्या मधून जाणारी ही वाट इथल्या माणसाला नव्याने सांगायला नको. हिवाळ्यात ती पक्की असते, पावसात मात्र चाक गाळात रुतते. बारीक टायरच्या रेसिंग सायकलीपेक्षा जाड टायरची साधी सायकल इथे जास्त उपयोगी. बाभळीचा काटा मात्र जाड-बारीक बघत नाही. पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप जवळ हवाच.

हंगामाचा दुसरा चेहरा

जो हंगाम सायकलचा, तोच उसाच्या गळिताचा. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर आणि बैलगाड्या याच अरुंद रस्त्यांवर असतात. काहींच्या ट्रॉलीला मागे दिवा नसतो, की रिफ्लेक्टर नसतो. अंधार पडायच्या आत मुक्काम गाठणे हा यावरचा एकच खात्रीचा उपाय. राष्ट्रीय महामार्गावरून सायकल नेण्याचा मोह तर टाळावाच. कोल्हापूरकडून येणाऱ्यांनी कागलनंतर आतल्या गावांचा रस्ता धरावा.

वाऱ्याचाही हिशेब आहे. हिवाळ्यात वारा बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणजे वाडीकडे जाताना थोडा तोंडावर आणि परतताना पाठीशी. मार्चनंतर दुपारी पश्चिमेचा वारा सुटतो, तेव्हा निपाणीकडे परतणाऱ्याचा दम निघतो.

पावसाळ्यात बंधारा टाळणे एवढा एकच नियम. वरून घोटाभर पाणी वाहत असले तरी खालचा रस्ता शाबूत आहे की नाही ते दिसत नाही. २०१९ आणि २०२१ च्या पुरात यमगर्णीजवळ वेदगंगेने थेट महामार्ग बंद पाडला होता. तिथे बंधाऱ्याची काय कथा!

सीमा दिसते कुठे?

१ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली. १९६७ मध्ये आलेल्या महाजन आयोगाच्या अहवालात निपाणी महाराष्ट्राला द्यावी अशी शिफारस होती. महाराष्ट्राने तो अहवाल मानला नाही. २००४ पासून दावा सर्वोच्च न्यायालयात आहे. तंबाखूच्या भावासाठी १९८१ मध्ये शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी निपाणीत महामार्ग अडवला आणि एप्रिलमध्ये गोळीबार झाला. त्या शेतकऱ्यांतही मराठी बोलणारे होते, कन्नड बोलणारे होते.

सायकलवरून जाताना ही सीमा फार वेगळी दिसते. निपाणीला लागून असलेले अर्जुननगरचे देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात आहे. निपाणीची पोरे रोज राज्य ओलांडून वर्गात जातात आणि जेवायला परत येतात. कर्नाटक सरकारने २००६-०७ पासून आठवीच्या मुलामुलींना सायकली वाटल्या. त्या सायकली याच रस्त्यांवर धावल्या. शेतमजूर, दूध घालणारे, बाजाराला जाणाऱ्या बाया यांच्यासाठी बंधारा ही सहलीची जागा नाही, रोजची वाट आहे.

सीमेवर वातावरण तापले की दोन्ही राज्यांच्या बस थांबतात. डिसेंबर २०२२ मध्ये थांबल्या, फेब्रुवारी २०२५ मध्येही थांबल्या. ज्यांची सोयरीक, शेत आणि दवाखाना पलीकडे आहे त्यांचे अशा वेळी हाल होतात. मग आठवण येते ती बंधाऱ्याचीच. म्हणून बर्गे वेळेवर घालणे-काढणे, खचलेला भराव दुरुस्त करणे, कठडा नीट ठेवणे ही कामे फक्त पाटबंधारे खात्याच्या वहीतली राहू नयेत. दूधगंगेवरचा मलिकवाड-दत्तवाड बंधारा एका टोकाला कर्नाटकाचा आहे, दुसऱ्या टोकाला महाराष्ट्राचा. मधला रस्ता दोघांनाही लागतो.