वाचा फुटलेला आयपॉड

२००५ साली आलेला पाचव्या पिढीचा आयपॉड उघडायला बसलेला माणूस आधी स्क्रू शोधतो आणि फसतो, कारण बाहेरून एकही स्क्रू दिसत नाही. पुढचं प्लास्टिक आणि मागचा आरशासारखा स्टीलचा पत्रा आतल्या खटक्यांनी एकमेकांत अडकवलेले असतात. फटीत गिटार वाजवायची प्लास्टिकची चकती घुसवायची आणि कडेकडेने सरकवत न्यायची. एकेक खटका ‘कट्’ करून सुटतो. घाईने स्क्रूड्रायव्हर खुपसला, तर पत्र्याला पोचा पडतो आणि तो पोचा मग जन्मभर राहतो.

पण खरी परीक्षा झाकण सुटल्यावर असते. बॅटरी आणि हेडफोनची खाच मागच्या पत्र्याला चिकटलेली, बाकी सगळं पुढच्या भागात, आणि दोघांमध्ये कागदाइतक्या पातळ दोन रिबन केबल. बॅटरीच्या केबलला धरून ठेवणारी तपकिरी पट्टी जेमतेम तांदळाएवढी. ती नखाने किंचित वर उचलायची आणि केबल अलगद मोकळी करायची. पुस्तक उघडावं तसे दोन भाग झटकन उघडले, की कनेक्टर बोर्डावरून उखडून येतो. अशा कामात हात बसलेली माणसंही या क्षणी बोलणं थांबवतात.

आत निळ्या रबरात बसवलेली १.८ इंचांची हार्डडिस्क असते. मिनिटाला ४२०० फेरे घेणारी ही तबकडी बंद पडली, की एरवी ठणठणीत असलेलं यंत्र अडगळीत जातं. तिच्या जागी छोटा अडॅप्टर बसवून त्यात एसडी कार्ड खुपसलं, की यंत्र हलकं होतं, धक्क्याला घाबरत नाही आणि ३० जीबीच्या जागी कितीतरी पट गाणी मावतात.

मावतात, पण वाजतीलच असं नाही. अ‍ॅपलची मूळ प्रणाली गाण्यांची सगळी यादी मेमरीत उचलते, आणि ३० जीबीच्या मॉडेलमध्ये ती मेमरी फक्त ३२ एमबी. यादी फार लांबली, की यंत्र गुदमरतं. म्हणजे डिस्क बदलून काम अर्धंच होतं. आतलं सॉफ्टवेअरही बदलावं लागतं.

इथे रॉकबॉक्स हे सॉफ्टवेअर उपयोगी पडतं. त्याचा जन्म आयपॉडसाठी झालेला नाही. २००१ च्या अखेरीस ब्यॉर्न व डॅनियल स्टेनबर्ग आणि लिनस निल्सन फेल्ट्सिंग या स्वीडिश प्रोग्रामरांनी आर्कोस कंपनीच्या ‘ज्यूकबॉक्स’ या गाणी वाजवणाऱ्या यंत्रासाठी नवं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं. कंपनीने दिलेलं त्यांना पटत नव्हतं, एवढंच कारण. पुढे कोड सगळ्यांसाठी खुला असल्यामुळे हात वाढत गेले आणि यंत्रंही.

आयपॉडपर्यंतची वाट मात्र सरळ नव्हती. चौथ्या पिढीवर लिनक्स चालवू पाहणाऱ्यांना आतला कोड वाचायचा होता, पण तो बाहेर काढायला मार्गच नव्हता. चाक फिरवताना ‘टिक टिक’ करणारा एक चिमुकला पिझो भोंगा आयपॉडमध्ये असतो. जर्मनीतल्या एका विद्यार्थ्याने त्यालाच कामाला लावलं. कोडचे बाइट तो किरकिर आवाजात बदलून वाजवायचा, बाहेरचा गोंगाट अडवणाऱ्या खोक्यात आयपॉड आणि माइक शेजारीशेजारी ठेवायचा आणि ध्वनिमुद्रणातून पुन्हा बाइट गोळा करायचा. यंत्राने आपलं गुपित स्वतःच्या तोंडाने सांगितलं, असंच म्हणायचं!

अशा वाटेने आयपॉडवर रॉकबॉक्स आल्यावर फ्लॅक आणि ऑग फाइलीही वाजतात, आयट्यून्सची मनधरणी संपते, फोल्डर उचलून टाकला की झालं. दोन ट्रॅकांमधली फट बुजते. तुकड्यांत कापलेली मैफल सलग ऐकू येते. सूर न ढळता वेग कमी करता येतो, त्यामुळे एखादी तान उतरवून घेणाऱ्याची चांगलीच सोय. ‘डूम’ हा खेळही चालतो. चाकाने तो खेळणं म्हणजे शिक्षाच, पण हौसेला मोल नसतं.

या सगळ्यांपेक्षा मोलाची गोष्ट मात्र बहुतेकांच्या नजरेतून सुटते. रॉकबॉक्सचा मेनू बोलतो. चाक फिरवलं की ज्यावर आपण आलो तो पर्याय कानात ऐकू येतो. संगणकावर आधी आवाजाच्या छोट्या फाइली करून ठेवल्या, की फोल्डरची नावंही. अंध श्रोत्यांनी हे सॉफ्टवेअर मनापासून स्वीकारलं ते यामुळेच. सपाट काचेचा पडदा बोटांना काही सांगत नाही. आयपॉडचं चाक आणि मधलं बटण अंधारातही सापडतं.

उणिवाही आहेत. मांडणी रुक्ष आहे, सेटिंगचं जंगल आहे, आणि आयपॉड मॅकच्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर आधी तो फॅट३२ करून घ्यावा लागतो. मूळ प्रणाली पुसली जात नाही. यंत्र सुरू करताच लगेच ‘होल्ड’ची कळ सरकवली, की जुना पांढरा मेनू हजर.

अ‍ॅपलने २०२२ मध्ये आयपॉड कायमचा बंद केला. रॉकबॉक्सची ४.० आवृत्ती २०२५ मध्ये आली. तेव्हा खणात पडलेला आयपॉड भंगारात देण्याआधी एकदा चार्जरला लावून पाहा. डिस्क गेलेली असली तरी चालेल, बॅटरीही नवी मिळते. बोर्ड तेवढा जिवंत हवा.