एका शब्दाची वाटणी

सॅम्युअल जॉन्सनचा गाजलेला इंग्रजी शब्दकोश १७५५ साली निघाला. त्यात पिठासाठी वेगळी नोंद शोधायला गेलं तर सापडत नाही. पीठ फुलाच्याच नोंदीत बसलेलं आहे. धान्य दळून चाळल्यावर हाती येणारा सर्वांत बारीक, उत्तम भाग म्हणजे त्या धान्याचं 'फूल', अशी मूळ कल्पना. दोन्हींचा उच्चार आजही 'फ्लावर' असा जवळपास सारखाच आहे. स्पेलिंगं मात्र पुढे कायमची वेगळी झाली आणि एकाचे दोन शब्द झाले.

गोंधळात पाडणाऱ्या इंग्रजी जोड्या शाळेत पाठ करून घेतल्या जातात आणि परीक्षा संपली की विसरल्या जातात. शब्दांतला फरक शिकवतात. तो पडला कसा, हे सहसा सांगत नाहीत. यातल्या कितीतरी जोड्या म्हणजे वाटणी करून वेगळे झालेले सख्खे भाऊ आहेत. तुलनेचा 'दॅन' आणि काळाचा 'देन' हेही जुन्या इंग्रजीत एकच होते.

मराठीतही हे घडलंच आहे. संस्कृतातल्या 'गर्भिणी'पासून 'गाभण' आला. गर्भिणी बाईच्या वाट्याला गेला, गाभण गाईम्हशींच्या. अर्थ तोच, पण अदलाबदल केली तर भांडण ठरलेलं.

दुकान मांडून बसलेला

'स्टेशनरी' हा शब्द दोन प्रकारे लिहितात. शेवटच्या 'आर'आधी 'ए' असेल तर अर्थ 'एका जागी स्थिर', आणि 'ई' असेल तर वह्या, पेनं, कागद. मध्ययुगीन युरोपात पुष्कळसे विक्रेते फिरून माल विकत. विद्यापीठांच्या शहरांतला ग्रंथविक्रेता मात्र ठरलेल्या जागी दुकान मांडून बसे, म्हणून तो 'स्टेशनर'. लंडनमध्ये या मंडळींचा संघ १४०३ मध्ये स्थापन झाला आणि १५५७ मध्ये त्याला राजसनद मिळाली. स्टेशनरकडे मिळते ती स्टेशनरी. म्हणजे रस्त्यात उभी राहिलेली गाडी आणि दप्तरातली वही यांचं मूळ एकच.

फुकटचा नाश्ता

'कॉम्प्लिमेंट' शब्दात 'पी-एल'नंतर 'आय' आला तर ती स्तुती. 'ई' आला तर पूरक गोष्ट. दोन्हींच्या मुळाशी लॅटिनमधला 'पूर्ण करणे'. शिष्टाचाराची पूर्तता म्हणून काढलेले चार गोड शब्द, या वाटेने स्तुतीचा अर्थ आला. हॉटेल सौजन्य म्हणून फुकट देतं तो नाश्ता 'आय'वाला. पाटीवर 'ई' पडला, की तो खोलीला पूरक नाश्ता होतो.

'डिस्क्रीट'चंही असंच. लॅटिन मूळ 'वेगळं केलेलं'. कुठे काय बोलावं आणि काय पोटात ठेवावं हे वेगळं करता येणारा माणूस डिस्क्रीट. इंजिनीअरिंगची मुलं शिकतात ते डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स म्हणजे सुट्या, एकमेकींपासून अलग राशींचं गणित. लक्षात ठेवायची खूण स्पेलिंगमध्येच आहे. गणितवाल्या शब्दात शेवटचे दोन 'ई' मधल्या 'टी'ने अलग केलेले आहेत; माणसाच्या शब्दात ते एकमेकांना चिकटून बसतात.

जिवावर बेतणारा गोंधळ

पेट्रोलच्या टँकरवर 'हायली इन्फ्लेमेबल' असं लिहिलेलं असतं. 'इनकरेक्ट' म्हणजे बरोबर नसलेलं, तर 'इन्फ्लेमेबल' म्हणजे न पेटणारं, असा तर्क कुणीही करील. पण लॅटिनमधून आलेले 'इन' दोन आहेत. एक नकाराचा, दुसरा 'आत'चा. टँकरवरचा दुसरा आहे. म्हणून 'फ्लेमेबल' आणि 'इन्फ्लेमेबल' या दोन्हींचा अर्थ एकच: चटकन पेट घेणारं. हा गैरसमज जीवघेणा ठरू शकतो हे ओळखून अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने १९२०च्या दशकात 'फ्लेमेबल' वापरण्याचा आग्रह धरला. सगळ्या जोड्यांत धोक्याची हीच एक, आणि गंमत म्हणजे हिच्यात अर्थाचा फरकच नाही.

अजून न मिटलेला वाद

'डिसइंटरेस्टेड' म्हणजे स्वतःचा स्वार्थ गुंतलेला नसणारा, निःपक्ष. 'अनइंटरेस्टेड' म्हणजे रस नसलेला. न्यायाधीश पहिल्या प्रकारचा हवा, दुसऱ्या प्रकारचा नको. व्याकरणाची पुस्तकं हा भेद ठासून सांगतात. मात्र सतराव्या शतकात दोघांचे अर्थ उलटसुलट वापरले जात होते, आणि आजही अनेक इंग्रजी भाषक पहिला शब्द 'रस नसलेला' याच अर्थाने बोलतात. ही वाटणी अजून पुरती झालेली नाही. तेव्हा करारात, अर्जात किंवा बातमीत भेद जरूर पाळावा, कारण तिथे अर्थ बदलला तर नुकसान होतं. गप्पांमध्ये कुणी चुकलं तर टोकण्याची घाई नको. आपण जिला चूक म्हणतो तीच उद्या शब्दकोशात पहिला अर्थ म्हणून छापली जाऊ शकते.