पाठीचा कणा आणि वाडीतील ओझे

निर्मळ, आगाशी, भुईगाव, अर्नाळा या भागांतील वाड्यांत दिवस उजाडण्यापूर्वीच कामास सुरुवात होते. भाजी, केळी, पाने व फुले हाऱ्यांत भरावयाची, हारा डोक्यावर घ्यावयाचा आणि पहाटेच्या गाडीने मुंबईचा बाजार गाठावयाचा, ही वसईकर बागायतदारांची व विशेषतः त्यांच्या घरातील स्त्रियांची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. 2009 साली वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली, भोवताली इमारती उभ्या राहिल्या, तरी वाडीतील ओझे अद्याप माणसाच्याच पाठीवर आहे. बैल थकला तर आपण त्यास विसावा देतो. पंपाचा आवाज बदलला तर लागलीच मिस्त्रीस बोलावतो. स्वतःच्या पाठीची घडण कशी आहे, याची माहिती मात्र फारच थोड्यांना असते. ती करून घेणे कठीण नाही.

वसईच्या बावखलांवर पूर्वी रहाट चालत. रहाटाच्या माळेतील प्रत्येक गाडगे वेगळे, परंतु सर्व मिळून माळ एक. म्हणूनच ती चाकावरून वळू शके. पाठीचा कणाही असाच सुट्या मण्यांचा आहे. जन्मतः त्यात साधारणपणे 33 मणके असतात: मानेचे 7, छातीच्या मागील बाजूचे 12, कमरेचे 5, त्याखाली त्रिकास्थीचे 5 आणि माकडहाडाचे 4. वय वाढते तसे त्रिकास्थीचे पाचही मणके जुळून त्यांचे एक हाड होते, माकडहाडाचेही तसेच. म्हणून प्रौढ माणसाच्या कण्यात 26 हाडे मोजली जातात. छातीमागील बारा मणक्यांना बरगड्या जोडलेल्या असल्याने तो भाग ताठ राहतो. मान व कंबर मात्र मोकळ्या आहेत. वाकणे, वळणे ही कामे त्यांच्याकडे, आणि दुखणेही बहुधा त्यांच्याच वाट्यास येते.

प्रत्येक मणक्याचा पुढील भाग भरीव असतो. भार तो वाहतो. मागे हाडाची कमान असते. पाठीवरून हात फिरविला असता मधोमध जे उंचवटे लागतात, ती या कमानींची टोके होत. अशा कमानी एकावर एक आल्याने जी नळी तयार होते, तिच्यातून मेंदूपासून निघालेला मज्जारज्जू खाली उतरतो. करंगळीएवढ्या जाडीचा हा दोर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. तेथून खाली घोड्याच्या शेपटासारखा मज्जातंतूंचा झुपका असतो. हातापायांची हालचाल, स्पर्श, लघवीवरील ताबा, हे सर्व या मार्गावर अवलंबून आहे.

दोन मणक्यांमध्ये एक चिवट चकती असते. तिची कड दोरखंडासारख्या तंतूंची व मध्यभाग पाणीदार गराचा. दिवसभर उभे राहून, ओझी वाहून चकत्यांतील थोडे पाणी पिळून निघते आणि रात्री आडवे झाल्यावर ते पुन्हा भरते. त्यामुळे माणूस सायंकाळी सकाळपेक्षा सुमारे एक सेंटिमीटर बुटका भरतो. ज्यांस विश्वास वाटत नाही त्यांनी दाराच्या चौकटीवर खूण करून पाहावी. यातून वसईकरांस उपयोगी पडेल अशी एक गोष्ट निघते. झोपेतून उठल्यानंतरच्या पहिल्या तासाभरात चकत्या पाण्याने फुगलेल्या असतात आणि त्या वेळी कमरेतून खोल वाकल्यास त्यांच्या कडांवर अधिक ताण येतो. नेमक्या याच वेळी आपल्याकडे हारा उचलला जातो! यास्तव हारा रात्रीच भरून कमरेएवढ्या उंच ओट्यावर ठेवावा. पहाटे जमिनीवरून उचलण्याचे काम उरत नाही.

ओझे किती, याइतकेच ते शरीरापासून किती दूर आहे यासही महत्त्व आहे. पहारीने दगड हलविणाऱ्यास हे समजावून सांगावयास नको. पाठीचे स्नायू मणक्याच्या मध्यापासून मागे अवघ्या पाचएक सेंटिमीटरवर असतात. 20 किलोचा केळीचा घड 40 सेंटिमीटर पुढे धरला, तर तो तोलण्यासाठी स्नायूंना 160 किलोची ओढ द्यावी लागते आणि कमरेच्या मणक्यावर घड व ओढ मिळून 180 किलोंचा दाब येतो. धडाचे वजन त्यात धरलेले नाही. तोच घड 20 सेंटिमीटरवर आणला की ओढ 80 किलोंवर येते. म्हणून ओझ्याजवळ जावे, गुडघे वाकवावेत आणि ओझे पोटाशी धरून उठावे. वळावयाचे झाल्यास पायांनी वळावे. ओझे हाती असता कमरेतून पीळ देऊ नये.

भाताच्या आवणीचा प्रकार थोडा निराळा आहे. तासन्‌तास ओणवे राहिले असता पाठीचे स्नायू शिथिल पडतात व सारा भार मणक्यांना बांधून ठेवणाऱ्या बंधांवर येतो. हे बंध हळूहळू सैलावतात आणि पूर्ववत होण्यास त्यांना वेळ लागतो. आवणीतून उठून तसेच रोपांच्या मुठींचा भारा उचलणे म्हणूनच धोक्याचे. अगोदर काही मिनिटे ताठ चालावे. अर्ध्या तासाने एकदा उभे राहून कमरेवर हात ठेवून मागे झुकणाऱ्या बाईस मुकादमाने आळशी समजू नये.

कमरेत उसण भरली की पायाळू माणसाकडून लाथ मारून घेण्याची चाल आपल्याकडे आहे. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपोआपच उतरते आणि श्रेय पायाळूस मिळते. परंतु चकती सरकलेली वा मणका पिचलेला असल्यास त्याच लाथेने कायमची इजा होऊ शकते. साध्या उसणीत अंथरुणास खिळून राहण्याचीही गरज नाही. झेपेल तितके हिंडत-फिरत राहणेच हितकर. मात्र पायातील शक्ती कमी झाली, जांघेत बधिरपणा आला किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठावे. पाठदुखी आठवडे चालली आहे, सोबत बारीक ताप आहे, वजन घटत आहे, अशा वेळी मणक्याच्या क्षयाची शंका घ्यावी. क्षयाची औषधे सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळतात.

माड व ताडावरून पडण्याचा धोका या सर्वांहून गंभीर. नारळ विकास मंडळाने 2011 पासून यंत्राच्या साह्याने माडावर चढण्याचे शिक्षण देण्यास आरंभ केला. तरुणांनी ते जरूर घ्यावे. उंचावरून पाय वा बैठक आपटून पडलेल्याचा मणका बहुधा छाती व कंबर जेथे मिळतात, म्हणजे ताठ भाग संपून मोकळा भाग सुरू होतो, तेथे मोडतो. मणका मोडला म्हणजे मज्जारज्जू तुटलाच असे नव्हे. पुष्कळदा तो शाबूत असतो आणि धावत आलेली माणसे काखेत व पायांना धरून उचलतात, रिक्षात बसवितात, तेव्हा हाडाचे टोक त्यात घुसते. वेदनेने का होईना, पण पायाची बोटे हलविणारा माणूस इस्पितळात पोहोचेपर्यंत लुळा झालेला असतो.

अशा माणसास बसवू नये, उभे करू नये. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व ती येईपर्यंत त्यास हलवू नये. मानेच्या दोन्ही बाजूंस कापडाच्या गुंडाळ्या लावाव्यात. वाडीची वाट अरुंद असेल आणि हलविणे भागच असेल, तर दाराची फळी काढून आणावी. चार-पाच जणांनी डोके, खांदे, कंबर व पाय एकाच वेळी धरून, एकाच्या इशाऱ्यावर, ओंडका लोटावा तसे त्यास सरळ रेषेत कुशीवर वळवावे, पाठीखाली फळी सरकवावी व पुन्हा उताणे करून फळीस बांधावे.

पायांतील संवेदना गेली असल्यास घरी आणल्यावर रुग्णास दर दोन तासांनी कूस पालटून द्यावी, अन्यथा त्यास न कळत पाठीस व टाचांस खोल जखमा होतात. अशा रुग्णांना चाकाच्या खुर्चीवर वावरण्याचे व नवे काम करण्याचे शिक्षण मुंबईस हाजी अली येथील अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्थेत मिळते. ही संस्था 1955 पासून हे कार्य करीत आहे.